फाईल हातात दिली म्हणजे झालं का?

आज सकाळी आमच्या नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर आमच्या कॉलनीतले एक काका भेटले. दिवाळीनंतर त्यांना अटॅक आला होता, स्टेंट बसवला, आता चालायला येतात. मी आपलं सहज विचारलं, गोळ्या चालू आहेत ना काका? तर म्हणतात कसे, "अगं, त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मी बंदच करून टाकल्या. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. आणि नळी तर मोकळी झालीये, आता कशाला?" आणि वर हसले!

माझं डोकंच फिरलं. अहो, स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर तिच्यावर नीट चढेपर्यंत तिथे गुठळी धरायची भीती असते. धरली की पुन्हा अटॅक, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. त्यासाठीच त्या दोन गोळ्या, एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जातीतली. अटॅकनंतर सहसा वर्षभर दोन्ही, पुढे बहुतेकांना एक कायमची. हिरड्यांतून रक्त येतंय तर डॉक्टरांना विचारा, ते बघतील बदलायची का ते. आपल्या मनाने बंद? हे सगळं मी तिथे ट्रॅकवर उभी राहून अक्षरशः ओरडून सांगितलं. लोक वळून बघत होते. बघू देत.

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला हे असं कुणी सांगितलंच नाही गं."

तेव्हापासून माझा राग काकांवरून उठून त्या हॉस्पिटलवर जाऊन बसलाय. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. गुळगुळीत फाईल, कव्हरवर लालभडक हृदय, आत इंग्रजीत डिस्चार्ज समरी. काकांची सगळी हयात सातपूरला लेथवर गेली. कुठली गोळी किती वाजता ते त्यांना बरोबर कळतं. पण ती का घ्यायची आणि सोडली तर काय होईल, हे त्या फाईलीत कुठल्या पानावर आहे?

मला राहून राहून आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, अटॅकच्या वेळची सिस्टर आठवते. डिस्चार्जच्या दिवशी ती स्टूल ओढून पलंगाशी बसली. गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप चादरीवर मांडल्या. आईला विचारलं, "मावशी, यांचा पहिला चहा किती वाजता?" मग गोळ्यांचं वेळापत्रक तिने घड्याळाला न बांधता चहा, आंघोळ, जेवण यांना बांधलं, आणि आईकडून पाठ म्हणून घेतलं. जिभेखालची सॉर्बिट्रेट हातात घेऊन म्हणाली, "बाबा, छातीत दुखलं तर आधी बसायचं, मग ही ठेवायची. उभ्याने घेतली तर बीपी उतरून पडाल. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन, रिक्षा शोधत बसायचं नाही. बरं, ठेवणार कुठे ही?" अण्णा म्हणाले, शर्टाच्या खिशात. "आणि घरी बनियनवर असाल तेव्हा?" अण्णा निरुत्तर! शेवटी तिनेच त्यांच्या चष्म्याच्या घरात एक स्ट्रिप सरकवली. चष्मा काही अण्णा कुठे विसरत नाहीत.

किती वेळ लागला असेल याला? एक चहा पिऊन होईल एवढाच.

मान्य आहे, डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ओपीडीबाहेर कळवण, सुरगाण्याहून पहाटे निघालेली माणसं बसलेली असतात. मान्य. पण डॉक्टरांनीच सांगावं असं म्हणतंय कोण? आपल्याच देशात 14 हॉस्पिटलांतल्या 806 हृदयरुग्णांवर याचा रीतसर अभ्यास झालाय, 2016 मध्ये निकाल छापून आला. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते वर्षभर पेशंटला आणि घरच्यांना भेटत राहिले, आणि तेवढ्याने गोळ्या नियमित घेणारे वाढले, बीपी सुधारलं. म्हणजे जमतं. करायचं नाही, एवढंच.

2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, चांगलं झालं. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून गरिबाची अँजिओप्लास्टी होते, तेही चांगलंच. पण पेशंटशेजारी स्टूल ओढून बसण्याला कुठल्याच पॅकेजमध्ये रकाना नाही.

आणि संशोधन म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, त्याचंही बोलते. अण्णा वॉर्डात असताना एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती. अटॅक आलेल्यांचं पुढे काय होतं याची नोंद ठेवायची होती, औषध वगैरे काही नवं नव्हतं. आमचे मामा उसळलेच, "आमच्या माणसावर प्रयोग करता काय?" अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले, वाचल्याशिवाय सही नाही. मराठीतला फॉर्म होता, मधूनच केव्हाही बाहेर पडता येईल असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सगळी पानं वाचली आणि सही केली. मामांना म्हणाले, "ॲस्पिरिन चालते हे कुणाच्या तरी नोंदीवरूनच कळलं असेल ना रे?" आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात अटॅक येतात, हे तरी कशावरून कळलं? आपल्या माणसांची नोंद आपण नाही ठेवायची तर कुणी ठेवायची?

गंमत पुढेच आहे. घरी आल्यावर हॉस्पिटलमधून फोन आला तो फक्त त्या नोंदवाल्या मुलीचा. बाबा, छातीत दुखलं का? गोळ्या कुठल्या चालू? जिना चढता का? अण्णा तिच्या फोनची वाट बघायचे. तोवर ते घराबाहेर पडायलाही घाबरत होते आणि आई रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या मुलीने विचारलं म्हणून अण्णा बोलले. आम्ही घरातले आपले "काही होत नाही हो" म्हणत बसलो होतो. अटॅकनंतर माणूस आतून किती खचतो, बायको किती घाबरते, किती प्रश्न लाजेने विचारलेच जात नाहीत, याला हार्ट हॉस्पिटलात खोली कुठली? कॅथलॅब, म्हणजे स्टेंट बसवायच्या खोल्या, मात्र दोन-दोन.

असो. चिडून लिहिलंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काकांच्या हॉस्पिटलला ट्रॅकवरूनच फोन लावला. हेल्थ चेकअप पॅकेजसाठी एक दाबा म्हणाले. उद्या काकांना घेऊन मीच जाणार आहे, बंद केलेल्या स्ट्रिपसकट. तोवर नाशिकमध्ये, सरकारी असो की खाजगी, अँजिओप्लास्टीनंतर पेशंटला बसवून मराठीत नीट समजावणारी, नंतर फोन करून विचारणारी जागा कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. काकूंनाही सोबत न्यायचंय.