टाकीत किती फूट?

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीत पारा आणि टँकरचा भाव एकदमच चढतात. पुण्याच्या अगदी कडेला आम्ही राहतो. फ्लॅट घेतला तेव्हा माहितीपत्रकात 'पहाटे मोरांची केका' असं छापलेलं होतं. मोर काही अजून बोलला नाही. पहाटे साडेपाचला टँकर रिव्हर्स घेतानाची पिपाणी मात्र रोज वाजते, आणि ती ऐकून तिन्ही विंगा ज्या तत्परतेने गॅलरीत येतात, ते भाग्य मोराच्या वाट्याला आलं नसतं.

यंदाची पहिली नोटीस लिफ्टमध्ये लागली ती अशी : 'सर्व सभासदांनी पाणी जपून वापरावे व स्वयंशिस्त पाळावी. आदेशावरून.' आदेश काढून स्वयंशिस्त मागवणारी संस्था जगात बहुधा एकच, सहकारी गृहनिर्माण. नोटीस सगळ्यांना पटली. पटणारच, कारण ती आपल्या वरच्या मजल्यावरच्यांसाठी आहे असं धरूनच प्रत्येकाने वाचली होती.

नोटिशीने काही होईना, तेव्हा कमिटीने वॉल्व्ह हातात घेतला. पाणी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ. नळ चारच तास चालू, म्हणजे पाणी कमी जाणार, असा सरळ हिशोब. हा हिशोब करणाऱ्याने मराठी घरातली भांडी कधी मोजलेली नसावीत. सहाला पाच कमी असतानाच आमच्याकडे लढाईची तयारी सुरू व्हायची. आधी पिंप, मग हंडा, कळश्या, बादल्या, मग कुकर, मग इडलीपात्राचा खालचा भाग, आणि शेवटी माळ्यावरून उतरवलेला, लग्नात आहेर आलेला, आजवर कुणाच्याही ओठाला न लागलेला लेमन सेट. आई मागून ओरडायची, "भरून ठेवा रे, पाणी गेलं की मग बोंबलत बसाल!"

दुसऱ्या दिवशी सहाला ताजं पाणी आलं की कालचं शिळं. शिळं पाणी स्वयंपाकाला चालत नाही, देवाला तर नाहीच नाही. मग ते मोरीत. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी तिन्ही विंगांच्या पाइपांतून एकदम खळखळाट व्हायचा. टाकी आधी चोवीस तासांत जेवढी उतरायची तेवढी आता चार तासांत उतरू लागली, वर वीतभर जास्तच.

1968 साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामायिक कुरणाचा दाखला देऊन नेमकं हेच मांडलं होतं. मी एक गुरू कमी सोडलं तर गवत थोडंच वाचणार आहे, शेजाऱ्याचं गुरू ते खाणार. म्हणून प्रत्येक जण एक जास्तच सोडतो आणि कुरण उजाड होतं. आमच्याकडे गुरं नव्हती, लेमन सेट होता.

चेअरमनसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा दंडावर गाढ विश्वास. पाइप लावून गाडी धुतली तर दोनशे रुपये, असा ठराव झाला. तोवर पाइप लावणारे दोघेतिघेच होते, तेही पहाटे अंधारात, वॉचमनची नजर चुकवून, आवाज होऊ नये म्हणून पाण्याची धार बोटाने दाबत. ठराव झाला आणि मंडळी भर उजेडात धुवू लागली. ए विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी तर महिन्याचे आठशे रुपये आगाऊ भरून पावती मागितली. "चार रविवारचे झाले ना? आता कुणी मध्ये बोलायचं नाही," असं म्हणून त्यांनी टायरसुद्धा ब्रशने घासले.

इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत हे आधीच होऊन गेलं आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना तिथे 10 शेकेल दंड लावून बघितला. उशिरा येणारे कमी तर झाले नाहीतच, जवळजवळ दुप्पट झाले. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली ते प्रसिद्ध केलं. आधी ताटकळलेल्या बाईंसमोर ओशाळं व्हावं लागायचं, आता ओशाळेपणाला दर ठरला. दंड काढून टाकल्यावरही उशीर काही पूर्वीइतका खाली आला नाही. मी हे सगळं सभेत सांगितलं. चेअरमनसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पाचशे करू."

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर काकांना यात राम वाटत नव्हता. त्यांच्या मते माणसाला आकडा दिसला की तो सुधारतो. शहरी भारतात माणशी रोज 135 लिटर हा सरकारी मापदंड त्यांना तोंडपाठ. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसले होतेच, त्यांचे आकडे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागू लागले आणि मध्ये लाल खडूने सरासरी. आमचा आकडा सरासरीच्या बराच खाली निघाला. घरात अभिमानाची लाट आली. ती ओसरायच्या आत मुलगी म्हणाली, "म्हणजे बाकीचे मजेत आंघोळी करतायत आणि आपणच येड्यासारखे एका बादलीत?" त्या संध्याकाळी आमच्या मशीनमध्ये दिवाणखान्याचे पडदे धुतले गेले. ते मळलेले नव्हते.

कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस गावी विजेच्या बाबतीत हाच प्रकार झाला. घरोघरी कळवलं की शेजारपाजारची सरासरी एवढी, तुमची एवढी. जास्त जाळणारे खाली आले, पण काटकसर करणारे वर सरकले. मग काटकसरीच्या घरांना आकड्याबरोबर एक हसरा चेहरा काढून पाठवला, तेव्हा ती आपल्या जागी टिकली. 2007 सालचा हा प्रयोग मी काकांना सांगितला आणि त्यांनी तो फळ्यावर उतरवला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आपला चेहरा शेजारच्यांपेक्षा लहान काढल्यासारखा वाटला. प्रकरण कमिटीपर्यंत गेलं. त्यानंतर काका वाटीने गोल काढू लागले.

आता समूहाचं राहू द्या, एकट्या माणसाचं सांगतो. मी एकटा. सकाळी माझ्याइतका संयमी माणूस तालुक्यात सापडणार नाही. पाऊण बादलीत आंघोळ, मग्ग्यात दाढी. रात्री ऑफिसातून आल्यावर मात्र पाय आपोआप शॉवरखाली जातात आणि तिथून निघत नाहीत. यासाठी माझ्याकडे उत्तम सबब होती. 1998 साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात बसवलं आणि काही जणांना फक्त मुळे खायला लावले. मुळेवाल्यांनी नंतर दिलेलं न सुटणारं कोडं लवकर सोडून दिलं. निष्कर्ष असा, की संयम हा साठा आहे, वापरला की संपतो. म्हणजे दिवसभर साहेबांसमोर मुळे खाऊन आलेल्या माणसाच्या टाकीत रात्री काय उरणार? हे मी बायकोला पटवतच आणलं होतं. पण 2016 साली 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर हा साठा तपासला आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. हे तिनेच शोधून काढलं. तेव्हापासून शॉवरची चावी ती पर्समध्ये ठेवते.

राहिली सकाळची पाऊण बादली. तिच्या पुण्यावर मी दुपारी निर्धास्तपणे एसी लावून झोपू लागलो. तेही एकट्या माझं वैगुण्य नाही. बॉस्टनजवळच्या एका इमारतसंकुलात पाणीबचतीची मोहीम काढली तर पाणी 6 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्याच घरांत वीज जवळपास तेवढीच वाढली. आपण चित्रगुप्ताच्या वहीत एका बाजूला जमा पडली की दुसऱ्या बाजूला लगेच उचल घेतो.

मे महिन्याच्या सभेत टँकरचं बिल वाचून झालं आणि सगळे पंख्याकडे बघत बसले. तेव्हा पहिल्या मजल्यावरचे आजोबा उठले. आजोबा धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे. एरवी सभेत ते फक्त चहापुरते जागे असतात. "आमच्याकडे पांझरा नदीवर फड होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून भिजवायची शेती," ते म्हणाले. "बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा. पाटकरी आम्हीच नेमायचो, राखायला जागल्या. पाणी कमी त्या वर्षी सगळ्यांचंच भिजणारं रान कमी करायचं, एकट्याचं नाही. तुमचं ते फळ्याबिळ्याचं ठीक आहे, पण टाकीत उतरून पाणी बघितलंय का तुमच्यातल्या कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. टाकीचं झाकण कुठे आहे हेही सेक्रेटरींना वॉचमनला विचारावं लागलं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी आयुष्यभर हेच अभ्यासलं. त्यांचा प्रबंधच लॉस एंजेलिसच्या भूजलावर, 1965 सालचा. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिनसाहेब म्हणतात तसं दरवेळी कुरण उजाड होत नाही. जिथे नियम वापरणाऱ्यांनी केले, राखण त्यांनीच ठेवली आणि शिक्षा आधी हलकी, मग चढती ठेवली, तिथे पिढ्यान् पिढ्या टिकलं, हे त्यांनी जगभरचे दाखले देऊन मांडलं. त्यात स्पेनमधलं वालेन्सियाही आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच कॅथेड्रलच्या दारात बसतात आणि पाटाच्या पाण्याची भांडणं तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. आमच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होईपर्यंत बारा वाजतात, ते रात्रीचे.

तर ठरलं असं. एक बांबू आणायचा, त्यावर फुटाच्या खुणा करायच्या. आठवड्याला एक घर काठीवालं. रोज सकाळी टाकीत काठी घालून वहीत आकडा लिहायचा आणि मीटर वाचायचे. काठीवाल्याच्या स्वतःच्या घरचं मीटर मात्र पुढच्या आठवड्याच्या काठीवाल्याने वाचायचं. दंड रद्द. खुणा बी विंगमधल्या एका कॉलेजकन्येच्या लाल नेलपॉलिशने झाल्या, कारण मार्कर पाण्यात पुसला जातो.

आमची पाळी आली तेव्हा मी टॉर्च घेऊन खाली उतरलो. लोखंडी झाकण उचकटल्यावर ओल्या सिमेंटचा वास येतो. काठी आत सोडली की टणकन तळाला लागते, आणि वर काढल्यावर ओल नेमकी कुठवर आहे हे दोन खुणांच्या मध्ये बोट ठेवून ठरवावं लागतं. पहिल्या दिवशी मी साडेतीन फूट लिहिलं. दुसऱ्या दिवशी पावणेतीन. पाऊण फूट कुठे गेलं या विचाराने ऑफिसात माझं कामात लक्ष लागेना. घरी येऊन नळाचा गळका वॉशर बदलला. आईने शिळं पाणी कुंड्यांना घालायला सुरुवात केली, आणि लेमन सेट परत माळ्यावर गेला. सगळ्या इमारतीत असंच काहीतरी झालं असावं, कारण टँकर दिवसाआड येऊ लागला.

शिक्षा आजोबांनी सांगितली तशी चढती. पहिल्यांदा आकडा वाढला तर पुढच्या पाळीच्या घरातून कुणीतरी येऊन, चपला न काढता, गोड आवाजात एवढंच विचारायचं, "पाहुणे आलेत का हो?" दुसऱ्यांदा वाढला तर, "अजून आहेत वाटतं पाहुणे?" तिसऱ्यांदा पाहुण्यांना भेटायला घरात यायचं.

पुढची पाळी त्या वाटीच्या गोलवाल्या काकूंची. शनिवारी दोनदा मशीन लागलं आणि रविवारी सकाळी बेल वाजली. "पाहुणे आलेत का हो?"

"हो," मी म्हणालो, "मामा आलेत, कराडहून."

सोमवारी परत बेल. "अजून आहेत वाटतं मामा?"

"आहेत की. झोपलेत."

"बरं बरं, झोपू देत. उद्या संध्याकाळी येते मी, ह्यांनाही घेऊन. हे पण कराडचेच."

कराडला आमचं कुणीच नाही. बायकोने तिच्या आतेभावाला फोन लावला आहे. तो यायला तयार आहे, फक्त येताना धुवायचे कपडे घेऊन येऊ का, असं विचारतोय.