खुलासा: ‘पेप्टाइड घेतलं तर डोप टेस्टची भीती नाही’ हे खोटं आहे
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जिम आणि तालमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जीएचआरपी-६ स्टेरॉइड नाही, नुसती अमिनो आम्लं आहेत. साइड इफेक्ट नाही, टेस्टमध्ये सापडत नाही.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पोरं फसतात.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि जीएचआरपी-६ ही सहा अमिनो आम्लांची साखळी, कबूल. पण इन्सुलिनही ५१ अमिनो आम्लांचंच बनलेलं आहे. ते कुणी प्रोटीन पावडर समजून टोचून घेईल का? जीएचआरपी-६ भुकेच्या घ्रेलिन हार्मोनची नक्कल करतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावतं. म्हणून इंजेक्शननंतर थोड्याच वेळात पोटात कावळे ओरडायला लागतात. अंगात पाणी साठणं, सांधे दुखणं, हाताला मुंग्या, रक्तातली साखर वाढणं, हे सगळं होऊ शकतं. घरात मधुमेह असेल त्यानं तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

टेस्टचं म्हणणं सपशेल खोटं. वाडाच्या (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) यादीत जीएचआरपी-६ आणि त्याच जातीचं दुसरं पेप्टाइड इपामोरेलिन, दोन्हींवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. लघवीच्या नमुन्यात ती सापडतात. पहिल्याच वेळी ४ वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. तरण्या मल्लाची उमेदीची वर्षं त्यातच गेली.

विकत घेतलेल्या कुपीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचा. ‘केवळ संशोधनासाठी’ असं बहुतेकदा छापलेलं असतं, म्हणजे माणसाला टोचायला नाही. आणि एक सुई दोघांत वापरू नका, हिपॅटायटिस आणि एचआयव्ही त्यातून पसरतात. आधीच घेतलं असेल तर लपवू नका, कुपी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि साखर तपासून घ्या.