गुडघ्याला खोबरेल, पिंपात अळ्या

पाऊस ओसरू लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. यंदा तो गणपतीच्या आरतीच्या वेळापत्रकाखाली आला. मजकूर असा: 'डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही. म्हणून पावलापासून गुडघ्यापर्यंत खोबरेल तेल लावा. खोबरेल तेल हे अँटिबायोटिक आहे. हा डास गटाराच्या घाण पाण्यात होतो, तेव्हा धुराची फवारणी करून घ्या. तो फक्त दिवसा चावतो, रात्री चिंता नको.' खाली लांबच्या राज्यातल्या एका डॉक्टरांचं नाव, जोडलेले दोन हात आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

मूळ मेसेज गुडघा आणि तेल एवढ्यावरच होता. फिरता फिरता त्याला बाकीच्या शेपट्या फुटल्या. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे असा मेसेज आला की लोक खाली लगेच विचारतात, 'मॅडम, खरंय का हो हे?' दर वर्षी एका ओळीत 'नाही' म्हणून सोडून देत होते. ज्या काकूंनी टाकला त्यांनी नातवाच्या काळजीपोटीच टाकला, म्हणून यंदा नीट लिहितेय.

'गुडघ्याच्या वर उडू शकत नाही'

या थापेत खऱ्याचा एक कण आहे, म्हणून तर ती टिकून राहिली. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास घरात बरेचदा जमिनीलगत घिरट्या घालतो. टेबलाखाली, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या सावलीत बसून राहतो आणि पाठीमागून, खालून येऊन घोट्याला किंवा पोटरीला चावतो. पावलांचा वास त्याला ओढतो आणि तिथे हात पटकन पोचत नाही, हेही त्याच्या सोयीचं. एवढं खरं.

पण 'खाली चावायला आवडतं' आणि 'वर उडताच येत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दंडाला, मानेला, कानाच्या पाळीलाही तो चावतो. पाय झाकलेले असले तर हमखास. आणि गुडघा जमिनीपासून दीड फुटावर असतो तो उभ्या माणसाचा. सतरंजीवर दुपारी आडव्या झालेल्या आजींचा गुडघा किती उंचीवर असतो? त्यांचं नाकही त्याच उंचीवर असतं. दक्षिण आफ्रिकेत मलेरियाच्या एका डासाचं निरीक्षण झालं, त्यात बसलेल्या माणसांना तो पावलांना आणि घोट्यांनाच चावत होता, पण माणसं आडवी झाली की ती आवड उरली नाही. जमिनीजवळ जो भाग असेल तिथे तो चावू लागला. तो डास वेगळ्या जातीचा, पण मुद्दा हाच: डासाला गुडघा नावाची काही सीमारेषा माहीत नाही.

उंचीचं म्हणाल तर सिंगापूरचा प्रयोग मला फार आवडतो. २००४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी एडिसच्या माद्यांना रुबिडियम हे मूलद्रव्य मिसळलेलं रक्त पाजलं आणि एका २१ मजली इमारतीच्या बाराव्या मजल्यावर सोडून दिलं. मग जागोजाग ठेवलेल्या सापळ्यांत पडलेली अंडी गोळा करून त्यांत रुबिडियम शोधलं. ते तळाशीही मिळालं आणि वरच्या टोकालाही. म्हणजे त्या माद्या दोन्हीकडे पोचल्या होत्या, आणि पसरायला त्यांना फार दिवस लागले नाहीत.

खरं तर आपल्या इमारतीत त्याला इतकं उडायचीसुद्धा गरज नाही. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलेलं असलं, की तो वरच जन्मतो. मुंबईचा मलेरियाही असाच टाक्या-विहिरींचा. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाची चौकशी केली तेव्हा बोट ठेवलं ते वाड्यांतल्या आणि घराघरांतल्या विहिरींवर. तिथे वाढणारा डास अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, म्हणजे जात दुसरी आणि रोगही दुसरा. पण शंभर वर्षांपूर्वीही डास माणसाने साठवलेल्या चांगल्या पाण्यातच सापडला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे तेच येणार आहे.

'खोबरेल तेल लावा, ते अँटिबायोटिक आहे'

दुसरं वाक्य आधी निकालात काढू. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. डेंग्यू हा विषाणू आहे, त्याचे चार प्रकार आहेत आणि तो सुईसारख्या सोंडेतून थेट कातडीखाली उतरतो. वरच्या तेलाने जिवाणू मेले काय नि जगले काय, त्याला फरक पडत नाही.

आता तेलाने डास दूर राहतो का? तेलकट कातडीवर डासाला बसायला थोडं अवघड जात असेल. ते तासभरही टिकेल याची खात्री मी देणार नाही. मादीच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. जीन्सचं कापड घट्ट ताणलेलं असलं तर त्यातूनही ती रक्त ओढते, तिथे तेलाचा पातळ थर काय अडवणार?

या मेसेजच्या बाजूने कुणी तरी २०१८ सालच्या अमेरिकी संशोधनाची लिंक टाकतंच. ते संशोधन खरं आहे. तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना खोबरेल तेलापासून वेगळी काढलेली काही मेदाम्लं (म्हणजे फॅटी अ‍ॅसिड) चावणाऱ्या कीटकांना पळवतात असं आढळलं. मात्र त्यांनीच स्पष्ट सांगितलं होतं की बाटलीतलं खोबरेल तेल हे काम करत नाही. ती आम्लं त्यातून मोकळी करावी लागतात. उसाचा रस प्यायल्याने काकवीचा डबा भरत नाही, तसंच.

गंमत अशी की मेदाम्लांची गोष्ट उलटही फिरते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून त्यांचा वास गोळा केला आणि एडिसच्या माद्यांपुढे ठेवला. ज्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं (मेदाम्लं याच गटातली) जास्त, त्यांच्या मोज्यांकडे माद्या झेपावल्या, आणि ही आवड वर्षानुवर्षं तशीच राहिली. 'मलाच का चावतात?' म्हणणाऱ्यांना लोक 'तुमचं रक्त गोड' म्हणून हसतात. कारण रक्तात नसून कातडीवरच्या वासात आहे. कोणतं आम्ल किती, कशात मिसळलेलं, यावर सगळं ठरतं. 'नैसर्गिक आहे ना' एवढ्याने काही ठरत नाही.

लावायचंच असेल तर डीट, पिकारिडिन, आयआर ३५३५ किंवा लिंबूवासाच्या निलगिरीपासूनचं पीएमडी, यांपैकी काही असलेलं मलम किंवा स्प्रे घ्या. वेष्टणावर घटक लिहिलेला असतो. लहान मुलांसाठी किती आणि कोणत्या वयापासून, हेही तिथेच वाचा. आणि ते पायांपुरतं लावू नका. जी कातडी उघडी, तिथे सगळीकडे.

तेलाने डास मरतो, हे मात्र खोटं नाही. फक्त तेल पायावर घालायचं नसतं. अळी पाण्यात उलटी लोंबकळून शेपटीकडच्या नळीने वरची हवा घेते. पाण्यावर तेलाचा तवंग आला की ती गुदमरते. पनामा कालवा खणताना अमेरिकी डॉक्टर गोर्गस यांच्या माणसांनी डबक्यांवर तेल टाकत फिरणं हा रोजचा उद्योग केला होता. आपल्याकडेही गावात डबक्यात जळकं ऑइल टाकतात ते याचसाठी. पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात अर्थातच हे करायचं नाही.

'गटाराच्या घाण पाण्यात होतो'

सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ ही. आणि तिच्यावरच कुणी शंका घेत नाही.

गटारात जो वाढतो तो क्युलेक्स. तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा. त्याच्यापासून हत्तीरोग होतो, विदर्भातल्या लोकांना तो चांगला ठाऊक आहे. एडिसचं कूळ निराळं. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीत साठलेल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालत. ढोली म्हणजे काय, तर उभ्या भिंतींचं, सावलीतलं, थोडंसं पाणी. माणसाने रांजण भरून ठेवायला सुरुवात केली आणि त्याला घरबसल्या ढोल्या मिळाल्या. आज त्या ढोल्या म्हणजे बाथरूममधलं पिंप, कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. आणि नारळाच्या करवंट्या! ज्याचं तेल पायाला चोळायचं, त्याच नारळाची अर्धी करवंटी अंगणात पालथी न घालता टाकली तर तिच्यातल्या पेलाभर पाण्यात डझनभर डास तयार होतात.

पाणी दिवसाआड, आठवड्याने, कुठे त्याहूनही उशिरा येणाऱ्या गावांत लोक पिंपं भरून ठेवतात. त्यांना 'अस्वच्छ राहता' म्हणून ऐकवणं मला अजिबात पटत नाही. त्यांचं पाणी स्वच्छच असतं, अडचण तीच आहे.

अंड्यांची गोष्ट तर वर्गात सांगते तेव्हा मुलं फोन खाली ठेवतात. मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. खसखशीच्या दाण्याहून लहान, काळी. पाणी संपलं तरी ती मरत नाहीत, कोरडी होऊन महिनोन्‌महिने थांबतात. प्रयोगशाळेत आम्ही अंडी चिकटलेला टीपकागद वाळवून पाकिटात ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पाण्यात बुडवला की दुसऱ्या दिवशी ताटलीत वळवळ सुरू. म्हणून पिंप नुसतं ओतून परत भरलं तर आपण अंड्यांना फक्त पुढच्या पाण्याची वाट पाहायला लावली. आतली भिंत काथ्याने घासायला हवी, विशेषतः काठाजवळची.

अंड्यापासून डास उडेपर्यंत आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' हे आरोग्य खात्याचं सांगणं त्या हिशेबावर बेतलेलं आहे. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली ती ओळ आपण वाचतो आणि पुढे जातो. जी टाकी रिकामी करणं शक्यच नाही तिच्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. बाकी टाक्यांना घट्ट झाकण, नाहीतर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा. आशाताई घरी येऊन बॅटरीने पिंपात डोकावतात तेव्हा 'आमच्याकडे काही नाही हो' म्हणून दारातून परत पाठवू नका.

आता फवारणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, ते हेच. धुराने फक्त उडते डास मरतात, तेही धूर अंगावर आला तर. एडिस बसलेला असतो पलंगाखाली, कपाटामागे, आणि धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. पिंपातल्या अळीला धुराचा पत्ताही नसतो. चार दिवसांनी नवी फौज तयार. साथ भडकली असताना फवारणीला जागा आहे. पण गटारावर धूर सोडून 'काम झालं' म्हणणं म्हणजे मनाचं समाधान. नगरसेवकाला फोटो मिळतो, ते वेगळं.

या एकाच डासाची कर्तबगारी आपल्या राज्यापुरती पाहायची तर १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. झिका पसरवतो तोही एडिसच. डेंग्यू तर दर वर्षीचाच.

'फक्त दिवसा चावतो'

बहुतेक वेळा दिवसा, हे बरोबर. सूर्योदयानंतरचे दोनेक तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास त्याचा जोर असतो. पण आपल्या घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळते, आणि उजेड असला तर तो रात्रीही चावतो. शिवाय रात्रीची पाळी अ‍ॅनोफिलिस आणि क्युलेक्स सांभाळतातच. तेव्हा मच्छरदाणी गुंडाळून ठेवायचं काही कारण नाही.

उलट या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते कुठेच नाही: घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. लोक म्हणतात, 'त्याला तर झालाच आहे, आता काय?' पण डास डेंग्यू घेऊन येतो तो कुठून? आजारी माणसाकडूनच. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेव्हा चावलेल्या मादीच्या पोटातून तो तिच्या लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि मग ती मरेपर्यंत पसरवत राहते. एडिसला एका जागी पोटभर पिता येत नाही. हाताच्या हालचालीने दचकते, उठते, शेजारच्याला चावते. म्हणून एका घरात आधी एक आणि मग दहा-पंधरा दिवसांनी तिघं एकदम पडतात. आपण म्हणतो 'घराला नजर लागली'.

रुग्णाबद्दल आणखी एक. ताप उतरला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका, धोक्याचा काळ बरेचदा तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, कमालीचा गळाठा, यांतलं काहीही दिसलं तर पपईच्या पानांचा रस काढत न बसता थेट दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

काकूंनी हे सगळं वाचून विचारलं, 'मग तेलाचं काय करू गं? मोठी बाटली आणलीय.' केसांना लावा म्हटलं. आणि त्यांच्या बाल्कनीतल्या तुळशीखालची ताटली तेवढी काढून ठेवली.