जड गाडी रोड धरती म्हणे

सध्या आमच्या बीड-जालन्याकडच्या सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलंय. वर माझदाच्या मियाटाचा, म्हणजे छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा फोटो, खाली इनोव्हा क्रिस्टाचा, आणि लिवलंय की मियाटात १३१ घोडे (हॉर्सपॉवर), इनोव्हात १५०, म्हणजे पळायला पण इनोव्हाच भारी, वर जड असल्यामुळं रोड धरून चालती, हलकी गाडी उडती, आणि सात माणसं बसतात ते वेगळंच. सात माणसांचं एकदम मान्य, आमच्या घरी पण क्रिस्टाच आहे, लग्नसराईत तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही. बाकीचं चूक आहे.

घोडे मोजले, पण ओझं कुणी मोजलं? १.५ लिटरची मियाटा साधारण १००० किलोची, डिझेल क्रिस्टा १८०० च्या वर. म्हणजे टनामागं तिकडं १३० घोडे आन इकडं ८०. १९९६ ची लोटस एलिस, तीपण छोटी स्पोर्ट्स कार, तर ११८ घोड्यांचीच होती, पण वजन सव्वासातशे किलो, सहा सेकंदाच्या आसपास शंभरला जायची. हां, अमेरिकेतली टोयोटाची २०१७ ची सिएना, इनोव्हासारखीच घरच्यांची मोठी गाडी, २९६ घोड्यांची आहे, ती सरळ रोडवर मियाटाला ऐकणार नाही. क्रिस्टाचं तसं नाही.

आता ते रोड धरायचं, खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलो. वजन वाढलं की टायरची पकड वाढते हे अर्धं खरं, कारण वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वजनाइतकाच वाढतो आणि पकड त्याच्या थोडी मागं राहती, त्यात क्रिस्टा उंच, बराचसा भार बाहेरच्या दोन टायरवर. जड गाडीत खड्डे कमी लागतात, म्हणून आत बसणाऱ्याला वाटतं रोड धरलाय.

मागच्या दिवाळीला मांजरसुंब्याच्या घाटात सात जण, वर कॅरियरला बॅगा, आणि मी चौथ्या गियरवर नुसता ब्रेक दाबत उतरलो. खाली आलो तर चाकाला जळका वास, पेडल नेहमीपेक्षा खोल जायलं, आणि मागं आत्याच्या डब्यातला चिवडा सगळा सीटखाली. चूक माझीच, दुसऱ्या गियरवर उतरायला पाहिजे होतं, म्हणजे इंजिननंच गाडी धरली असती. पण हीच गाडी रिकामी असती तर ब्रेकला पाचशे किलो कमी ओढावं लागलं असतं.

टक्कर झाली तर जड गाडीतला वाचतो म्हणतात. समोर हलकी गाडी असली तर फायदा होतो, खरंय. पण समृद्धीवर डुलकी लागून गाडी डिव्हायडरवर गेली तर समोर काँक्रीट असतं, आणि ८० पेक्षा १२० ला ती धडक सव्वादोनपट जोराची असते.

भाच्याचं लायसन्स नुकतंच आलंय. हाच फॉरवर्ड दाखवून म्हणाला, "मामा, जड गाडीय, काय होत नाही." येत्या रविवारी त्याला घेऊन त्याच घाटात जाणारे, आधी रिकामी गाडी, मग सगळ्यांना बसवून, ब्रेकवर पाय त्याचाच.