‘दोन दिवसांत स्ट्रिप निघाली, किट बोगस’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा दिलाय आणि लिहिलंय की आमच्या ट्यूबलेस किटने घरीच पंक्चर काढलं, दोन दिवसांत स्ट्रिप (भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी) निघाली, टायर बसला आणि दुकानदाराने ‘हा टायर गेला, नवीन घ्या’ म्हणून हात वर केले. स्ट्रिप आत ठासताना सुईची मूठ फिरली, हीसुद्धा तक्रार आहे. किटचे पैसे परत हवेत, वर टायरची भरपाईही हवी.

मुठीचा विषय आधी संपवतो. जोर लावल्यावर मूठ जागेवर फिरत असेल तर ती आम्ही बदलून देतो, वाद घालत नाही. टायरची भरपाई मात्र देणार नाही. कारण तुम्हीच जोडलेल्या फोटोंत आहे आणि ते इथे उघडपणे लिहितोय, म्हणजे किट घेऊ पाहणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल.

पहिल्या फोटोत भोक टायरच्या शेवटच्या खाचेच्याही बाहेर दिसतंय, जिथे टायर रस्ता सोडून बाजूला वळायला लागतो तिथे. त्याला शोल्डर म्हणतात. टायरच्या मधल्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, ते भोकाला फारसं हलू देत नाहीत, म्हणून स्ट्रिप तिथे आवळून बसते. शोल्डरपाशी हे पट्टे संपतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं आणि सुटतं. साधारण 60 सेंटीमीटर व्यासाचं चाक ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला जवळपास बारा फेरे मारतं. तितक्या वेळा कोणी बूच हलवत राहिलं तर ते निघणारच. किटमधल्या कागदावर पहिलंच चित्र याचं आहे: मधला भाग हिरवा, कडा आणि साइडवॉल (टायरची उभी बाजू) लाल. लाल भागात आमचीच काय, कोणाचीच स्ट्रिप भरवशाची नाही, आणि तिथे आतून पॅच लावायलाही चांगला टायरवाला नकार देतो.

त्याच फोटोत खाली कोपऱ्यात सोल्युशनची ट्यूब पडली आहे. मोठं करून बघा, तिच्या तोंडावरचं सील तसंच आहे. म्हणजे स्ट्रिप कोरडीच ठासली. सोल्युशन चिकटवण्यासाठी असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते आधी वंगणाचं काम करतं हे बरेच जण विसरतात. कोरडी स्ट्रिप भोकात अडते, माणूस अंगाचा सगळा भार टाकतो, आणि मग मूठ फिरते.

दुसरा फोटो टायर रिमवरून उतरवल्यानंतरचा आहे. आतल्या बाजूला काळा भुगा सांडलाय आणि साइडवॉलवर गोल फिरलेला घासल्याचा पट्टा आहे. हा भुगा टायरच्या आतल्याच रबराचा आहे. हवा नसताना गाडी चालवली की साइडवॉल दुमडते, तापते आणि आतून झिजते, आतले धागेही तुटतात. त्यामुळे दुकानदार तुम्हाला बरोबरच बोलला. पण टायर गेला तो स्ट्रिप निघाल्यामुळे नाही, ती निघाल्यानंतर गाडी पुढे नेल्यामुळे. हवा उतरल्याचं कळताच जागेवर थांबून स्टेपनी लावली असती तर निदान आतून तरी तो शाबूत राहिला असता. अर्थात शोल्डरच्या भोकामुळे तो तसाही फार दिवस वापरता आला नसता.

आता पंक्चर काढण्याबद्दल, कारण तुमच्या अभिप्रायाखाली ‘मग करायचं कसं’ असं दोघातिघांनी विचारलंय.

खिळा दिसला की लगेच उपटू नका. आधी साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तरच तो आरपार आहे. कधी कधी आखूड स्क्रू नुसताच रबरात रुतलेला असतो आणि हवा व्हॉल्व्हमधून जात असते. खिळा काढायच्या आधी तो कुठल्या बाजूला कललाय ते बघून घ्या, कारण कानशीची सुई (भोक घासून साफ करायची खरखरीत सुई) त्याच तिरकेपणाने घालायची असते. सरळ घातली तर टायरमध्ये दुसरी वाट तयार होते. या सुईला लोक घाबरतात. भोक मोठं होईल म्हणून एकदा घालून लगेच काढतात. मोठं नाही, साफ व्हायला हवं: आत तुटलेल्या पोलादी तारांची टोकं असतात, ती घासली नाहीत तर तीच स्ट्रिपला कापत राहतात. सुई सहज आत-बाहेर होईपर्यंत घासा.

मग भोकात आणि स्ट्रिपवर सोल्युशन. स्ट्रिप दुसऱ्या, नाक असलेल्या सुईत मधोमध ओवा आणि दोन्ही शेपट्या साधारण एक सेंटीमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबा. त्यानंतर सुई न पिळता सरळ झटक्यात ओढा. पिळलीत की आतला वेढा सुटतो आणि स्ट्रिप सुईबरोबर हातात येते. वरचं टोक तीनचार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, पुन्हा साबणाचं पाणी. हवा किती भरायची ते चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरू नका. दुसऱ्या दिवशी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, दाब पुन्हा तपासा.

हे सगळं नीट झालं तरी भोक 6 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर आमचं किट वापरू नका. आणि नीट बसलेली स्ट्रिपसुद्धा दुकानापर्यंत पोचण्यासाठी आहे. टायर उतरवून आतून तपासून मशरूम पॅच (देठ भोकात आणि टोपी आतून चिकटते असा पॅच) लावला की काम पक्कं होतं. बाहेरून आत काय झालंय ते कोणालाच दिसत नाही. हे आम्ही डब्यावर छापलंय. असं छापलं की खप कमी होतो, असं आम्हाला विक्रेते सांगतात. होत असेल.

वापरलेलं किट आम्ही परत घेत नाही, त्यामुळे पैसेही परत मिळणार नाहीत. मुठीसाठी मात्र ऑर्डर क्रमांक आणि मुठीचा एक फोटो आम्हाला मेसेजमध्ये पाठवा (फोन नंबर इथे उघड्यावर टाकू नका). नवी सुई पाठवतो, जुनी परत करायची गरज नाही. सोल्युशनची न उघडलेली ट्यूब तापलेल्या डिकीत ठेवू नका, वाळते. आणि नवीन टायर एकच घेणार असाल तर त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या टायरची नक्षी किती उरली आहे ते आधी मोजून घ्या. फार झिजला असेल तर दोन्ही एकदमच बदला.