फोन बुडवावा तर हिंदमातालाच

फोन पाण्यात पाडायचाच असेल तर बादलीत पाडू नका. बादलीत पडलेल्या फोनला समाजात मान नाही. "कुठे पडला?" "बाथरूममध्ये." झालं, संपला विषय. वर लोक मनातल्या मनात म्हणणार, ही बाई तिथे फोन घेऊन जाते कशाला? कमोडचं तर नावच काढू नका, ते गुपित मरेपर्यंत जपायचं असतं.

मुंबईत राहता ना? मग हिंदमाता कशासाठी आहे? दादर आणि परळच्या मधला हा बशीसारखा सखल भाग, आजूबाजूचं पाणी इमानेइतबारे तिथेच येऊन बसतं. हल्ली पालिकेने जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली भूमिगत टाक्या बांधल्यात, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. तेव्हा आळस करून चालणार नाही. भरतीचं वेळापत्रक बघा, समुद्र साडेचार मीटरच्या वर चढणार असेल आणि त्याच मुहूर्तावर आभाळ फाटणार असेल, तर घरातून निघा.

पुढची कृती सोपी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला, आणि तिसऱ्या हाताने सोसायटीच्या ग्रुपसाठी व्हिडिओ काढायचा. आपल्याला तिसरा हात नाही हे लक्षात येतं त्याच क्षणी फोन सुटतो. माझं चाललं होतं, "बघा, हिंदमाताची काय अवस्था..." यातल्या 'स्था'ला फोन गेला.

शोधायला वाकू नका, छत्री उलटी होते आणि पर्सही जाते. माझा फोन एका शाळकरी पोराने पायाच्या अंगठ्याने चाचपून काढून दिला. "काकू, घ्या. चालू आहे." खरंच चालू होता. पडद्यावर व्हिडिओचे सेकंद पळत होते, फोनने पाण्याखालचं रेकॉर्डिंग इमानदारीने सुरू ठेवलं होतं. पोराला मी वीस रुपये देऊ केले तर तो म्हणाला, "गूगल पे करा ना." मी केलं, आणि गेलंही. त्या फोनचं ते शेवटचं सत्कार्य.

आता जाणकार सांगतात की अशा वेळी फोन तडक बंद करावा, सिम काढावं आणि चार्जरच्या वाटेलाही जाऊ नये. कारण तुंबलेलं पाणी नुसतं ओलं नसतं, त्यात क्षार असतात, आणि त्यांच्यातून वीज वाहिली की आतले धातूचे जोड गंजायला लागतात. हे अगदी खरं आहे, पण अमलात आणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही आपलं रीतसर करा. आधी चार जणांना फोन लावून सांगा की माझा फोन पाण्यात पडला. मग टॉर्च लावून बघा, कॅमेरा बघा, एक गाणं वाजवून स्पीकर घुसमटलाय का बघा. बॅटरी उतरत आली की घरी जाऊन चार्जिंगला लावा. मी लावला. सफरचंद चिरताना येतो तसा 'चर्र' असा बारीक आवाज आला आणि पडदा काळा झाला.

इथून पुढे घरातली वडीलधारी मंडळी सूत्रं हातात घेतात. सासूबाईंनी एक शब्द न बोलता तांदळाचा डबा खाली उतरवला.

"आई, तांदळाने काही होत नाही. कंपन्याच सांगतात, तांदळात ठेवू नका म्हणून. कण आत जातात."

"कंपनीला काय कळतंय तांदळातलं?" त्या म्हणाल्या. "कोलम आहे, जुना. बरणीत मीठ ओलं होतं तेव्हा काय घालतेस?"

यावर उत्तर नसतं. हेअर ड्रायर लावू नका, त्याने आतली चिकटपट्टी सैल होते आणि पाणी आणखी आत सरकतं, हेही मी सांगून पाहिलं. पण माझ्या नवऱ्याला बायकोचा ड्रायर वापरायची संधी अठरा वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती. दोन दिवस फोन कोलमात निजला. तिसऱ्या दिवशी तो तसाच मेलेला निघाला, फक्त चार्जिंगच्या भोकात तांदळाचा एक कण जास्त. हिंदमाताच्या पाण्यातला फोन ठेवलेले ते दोन किलो तांदूळ आता शिजवणार कोण? एरवी दादरच्या कबूतरखान्यावर टाकले असते, पण २०२५च्या ऑगस्टमध्ये पालिकेने त्याच्यावरही ताडपत्री घातली. मुंबईत नीट झाकलेली मला आठवते ती तेवढी एकच गोष्ट.

लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारायलाच हवी. तिथला कारागीर फोन उघडतो, भिंगातून पाहतो आणि "बोर्ड वॉश करून बघू" म्हणतो. ब्रश आणि अल्कोहोल घेऊन तो जे करतो ते तांदळापेक्षा शतपटीने शहाणपणाचं असतं. पण डेटाची गॅरंटी नाही, आणि एकदा त्याने उघडला की अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले फोनला हात लावत नाहीत. म्हणून आधी सेंटर. नाव सांगत नाही, कुठल्याही गेलात तरी अनुभवात फरक पडणार नाही.

टोकन घ्या, एसीत कुडकुडा. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सुईने सिमचा ट्रे काढला आणि डॉक्टर घशात बघतात तसं टॉर्च मारून आत पाहिलं. "मॅम, लाल आहे." त्याने मलाही दाखवलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी असते, मूळची पांढरी. पाणी लागलं की लाल होते. लाखभराच्या फोनमध्ये सगळ्यात प्रामाणिकपणे काम करणारा भाग तो, आणि तो तुमच्या बाजूने कामाला नसतो.

"पण हा वॉटरप्रूफ आहे ना?"

"रेझिस्टंट आहे मॅम. प्रूफ नाही." हे वाक्य तो दिवसातून चाळीस वेळा म्हणत असावा, इतकं गुळगुळीत झालं होतं.

तेव्हा हे पाठ करून जा. बॉक्सवर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी ठरवणार. पण हे पाणी प्रयोगशाळेतलं, गोडं आणि शांत. फोन कोरा करकरीत, एकदाही न पडलेला. त्यात मॅनहोल नाही, शेजारून बेस्टची बस गेल्यावर उठणारी लाट नाही, आणि लाटेबरोबर येणारी ती गोष्ट नाही जिच्याकडे आपण बघत नाही. एवढं करून वॉरंटीच्या बारीक अक्षरांत असतं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणजे छत्रीवर लिहायचं 'पावसात चालते' आणि पावतीवर 'पावसात नेल्यास जबाबदारी तुमची'.

कंपनीला तरी एकटीला का बोल लावायचा? मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलतील अशा बेताने आखलेल्या. हा आकडा ५० वर न्या असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल, म्हणजे या वाहिन्या सुधारण्याचा आराखडा, १९९३चा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा तो बहुतांशी कागदावरच होता, आणि कागद बिचारा वॉटर रेझिस्टंटसुद्धा नसतो. मेट्रो तीनचं आचार्य अत्रे चौक स्टेशन १० मे २०२५ला सुरू झालं, २६ मेच्या पावसात त्यात पाणी शिरलं. सोळा दिवस. माझ्या फोनने चौदा महिने काढले होते.

मुलाने एस्टिमेट दिलं. बोर्ड, बॅटरी, डिस्प्ले. बेरीज नव्या फोनच्या किमतीला अदबीने वाकून नमस्कार करत होती. "रिपेअर नको असेल तर फक्त तपासणी फी भरा," तो म्हणाला. पट्टी लाल आहे हे बघण्याची फी.

आता विमा. फोन घेताना दुकानदाराने दोन वर्षांचा विमा गळ्यात मारला होता, तो कधी नव्हे तो आठवला. दावा करायला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागतो. तो स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबला की फोन स्वतःच सांगतो. मेलेला फोन सांगत नाही. मग बॉक्स शोधायचा. आमच्या बॉक्समध्ये सेफ्टी पिना, शर्टाची सुटी बटणं आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या निघाल्या. नंबरावर बँडेजची पट्टी चिकटवलेली होती. ओटीपी त्याच मोबाइलवर येणार, आणि सिम ई-सिम, म्हणजे फोनच्या पोटातच. ते नव्याने मिळवायला ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जायचं, जायला लोकलचा पास दाखवायचा, पास फोनमध्ये. मी रांगेत उभी राहून कागदी तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे कोणी मोडी वाचून दाखवावी तशा कौतुकाने पाहिलं.

चार दिवसांनी सर्व्हेअरचा फोन आला, नवऱ्याच्या नंबरवर. मृदू आवाज.

"मॅडम, पॉलिसीत घटना अचानक आणि अनपेक्षित असावी लागते. ऑगस्टमध्ये हिंदमाताला पाणी भरणं अनपेक्षित कसं?"

प्रश्न बिनतोड होता. पण मीही तयारीत होते. दर मे महिन्यात नालेसफाईची टक्केवारी जाहीर होते, तशा बातमीचं कात्रण मी दाव्याला जोडलं होतं. नाले जवळजवळ शंभर टक्के साफ, यंदा पाणी तुंबणार नाही. "हे वाचून कुठल्याही सुजाण नागरिकाला पाणी अनपेक्षितच वाटणार ना?"

पलीकडे शांतता. मग तो माणूस हसला. चार दिवसांत माझ्या प्रकरणात एवढं एकच काही मोफत मिळालं.

"मॅडम, हे कात्रण वर पाठवलं तर फाइल सहा महिने फिरेल. ग्राहक आयोगात जाऊ शकता तुम्ही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पण तारखा पडत राहतात. फोन हवाय ना?"

"हवाय."

"घरी बादली आहे?"

"आहे."

"मग झालं तर."

आठवड्याने घसारा आणि फाइल चार्ज कापून फोन बदलून आला. बॉक्स सासूबाईंनी ताब्यात घेतला, बटणं आणि पिना आत गेल्या, वरचं झाकण लागलं. सोबत आलेल्या कागदावर 'घटनेचे ठिकाण' या रकान्यात लिहिलंय, 'राहते घर, तिसरा मजला, न्हाणीघर', आणि 'कारण' या रकान्यात, 'बादलीत पडला'. हिंदमाताला त्या दिवशी पाणी भरलं होतं, असं त्यात कुठेही नाही.