मिरचीच्या फुलांत नर-मादी शोधू नका

कुंडीतल्या मिरचीला फुलं येतात पण मिरची धरत नाही, असं कुणी म्हणायचा अवकाश, एक ठरलेला मेसेज हजर होतो. ‘घरात मधमाशा फिरकत नाहीत म्हणून फळ धरत नाही. ब्रशने नर फुलातले पराग मादी फुलाला लावा, एप्सम सॉल्ट फवारा, खत वाढवा. आठवड्याभरात झाड लगडेल.’

आधी नर-मादीचं बघू. काकडी, भोपळा, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मिरचीत ही भानगडच नाही. नुकतंच उमललेलं फूल भिंगाखाली धरा. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध बारीक दांडी, तिच्या टोकाला कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा मादी भाग, आणि भोवती पराग तयार करणारे पाच-सहा निळसर जांभळे परागकोश, म्हणजे नर भाग. नवरा-नवरी एकाच मांडवात. परागकोश उभे चिरले जातात आणि आतली पिवळट भुकटी शेजारच्याच कुक्षीवर पडते. एखादी मधमाशी आली तर चांगलंच, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

ब्रशचा सल्ला सगळाच टाकाऊ आहे असं नाही. वारं लागत नसलेल्या बंद खोलीत किंवा ज्या वाणांची कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावते त्यांच्यात थोडी मदत होते. पण त्यासाठी रंगकाम कशाला? सकाळी फुलं उमलली की फांदीला हलकी टिचकी मारली तरी पुरे.

फुलं गळण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तापमान असतं आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर गेला, रात्रीही उकाडा राहिला, किंवा उलट रात्री १५ अंशांच्या खाली थंडी पडली, की फळधारणा ढासळते. पराग तयार होतात ते कळीच्या आत, फूल उमलायच्या बऱ्याच आधी. त्या काळात उन्हाचा तडाखा बसला तर ते निकामी होतात. मग असे पराग ब्रशने इकडून तिकडे नेऊन काय साधणार? गळलेलं फूल उचलून पाहा, बहुतेकदा ते देठासकट सुटलेलं असतं. फळ पोसणं परवडणार नाही असं दिसलं की झाड स्वतःच ते फूल सोडून देतं. अशा वेळी कुंडी तापणाऱ्या भिंतीपासून लांब घ्या आणि दुपारपुरती सावली करा. सकाळचं ऊन मात्र तोडू नका, दिवसाला सहाएक तास थेट ऊन मिळालंच पाहिजे. हवा सुधारली की पुढच्या कळ्या धरतात.

‘खत वाढवा’ हा तर उलटा सल्ला. झाड हिरवंगार, पानं मोठाली आणि फुलं मोजकीच, अशी अवस्था असेल तर नत्र (नायट्रोजन) आधीच जास्त झालंय. त्यावर आणखी शेणखत किंवा युरिया टाकला की पानंच माजतात. फुलोऱ्याच्या वेळी नत्र आवरतं घ्या, पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नका.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर ते कामाचं. एरवी जादा मॅग्नेशियममुळे मुळांना कॅल्शियम घेणं जड जातं आणि धरलेल्या मिरच्यांचं टोक सडू शकतं.

पाण्याबद्दल मेसेज गप्प आहे. कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब, या हेलकाव्यानेही फुलं गळतात. बोट घालून पाहा, वरचा इंचभर थर सुकला असेल तर पाणी द्या. फुलकिड्यांबद्दलही मेसेज गप्पच. एखादं फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक लांबट किडे पळताना दिसले आणि पानांच्या कडाही वर वळलेल्या असल्या, तर आधी त्यांचा बंदोबस्त.

राहिलं ‘आठवड्याभरात लगडेल’. फळ धरलं की पाकळ्या सुकतात आणि देठाशी हिरवा मणी फुगायला लागतो. एवढं आठवड्यात दिसू शकतं, पण तोडण्याजोगी मिरची व्हायला आणखी काही आठवडे जातात. झाडावर आधीच्या मिरच्या भरपूर असतील तर नवी फुलं गळणारच, कारण झाडाची ताकद त्या पोसण्यात जाते. लाल व्हायची वाट न पाहता त्या हिरव्याच तोडल्या तर पुढचा बहर लवकर धरतो.